सोप्या भाषेचे अवघड काम

पंडिता रमाबाईंचे नाव मराठी वाचकांस नवे नाही. कलकत्त्याच्या पंडितांनी १८७८ साली गौरविलेली विदुषी, १८८९ साली मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढणारी बाई, ख्रिस्ती झाल्यामुळे पुण्यात ज्यांच्यावरून रणे माजली त्या रमाबाई, एवढे आपल्याला शाळेपासून ठाऊक असते. परंतु ह्या बाईंनी आयुष्याची अखेरची पंधराहून अधिक वर्षे कोणत्या कामात घातली असे विचारले, तर चांगले चांगले वाचकही थबकतात. केडगावच्या माळरानावर बसून त्या सबंध बायबल मुळावरून मराठीत आणीत होत्या. आणि ते साध्यासुध्या मराठीत, नुकती अक्षरओळख झालेल्या बाईला समजावे अशा मराठीत आणावयाचे, हा त्यांचा हट्ट होता.

ज्या बाईला भागवताचे अठरा हजार श्लोक तोंडपाठ होते असे सांगतात, तिने हा हट्ट का धरावा? ह्या एका प्रश्नापायी मी गेली काही वर्षे वाचीत आलो आहे. मी ख्रिस्ती नाही, भाषाशास्त्रीही नाही. मॅट्रिकपर्यंत शिकलो, आधी नांदेडकडे आणि मग लातुरात मास्तरकी केली, आणि रात्री कंदिलाच्या नाही तरी विजेच्या दिव्याखाली कादंबऱ्या लिहिल्या. परंतु मास्तर आणि कादंबरीकार ह्या दोघांचेही पोट एकाच गोष्टीवर चालते. आपण जे बोलतो ते समोरच्याला कळले की नाही, ही ती गोष्ट. म्हणून धर्मग्रंथ सामान्य माणसाच्या भाषेत आणणाऱ्यांची ही हकीकत मला परकी वाटत नाही. दिवाळीच्या फराळाबरोबर ती वाचकांनाही रुचेल अशी आशा आहे.

खरे म्हणजे ह्या हकीकतीचे बीज आमच्याच मातीत आहे. लातुराहून दीडदोन तासांच्या वाटेवर अंबाजोगाई. तेथे मुकुंदराजांची समाधी आहे, आणि त्यांचा विवेकसिंधू शके १११० चा, म्हणजे ११८८ सालचा मानतात. वेदान्तासारखा विषय मराठी ओवीत सांगण्याचे धाडस त्यांनी केले. त्याच अंबाजोगाईत पुढे दासोपंत झाले. गीतेवर सव्वा लाख ओव्यांचा गीतार्णव त्यांच्या नावावर सांगतात. कागद पुरेना म्हणून की काय, सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद अशा पासोडीवर त्यांनी पंचीकरण लिहून काढले. पैठणास एकनाथांनी भागवत मराठीत आणले, तेव्हा देववाणीतली वस्तू प्राकृतात का उतरवली म्हणून काशीच्या पंडितांनी त्यांना जाब विचारला, असे सांगतात.

परंतु ह्या सर्वांत मला मोलाची वाटते ती महानुभावांची एक आठवण. चक्रधरस्वामींनी लोकांशी मराठीत बोलून आपला धर्म सांगितला. त्यांच्यामागे पंथाची धुरा नागदेवाचार्यांकडे आली. केशोबास नावाचे त्यांचे विद्वान शिष्य संस्कृतात ग्रंथरचना करू लागले, तेव्हा आचार्यांनी त्यांना अडवले. कारण काय दिले? तू संस्कृतात लिहिलेस तर माझ्या म्हाताऱ्या बाया त्याला मुकतील, ह्या अर्थाचे. बघा, आचार्यांनी शास्त्राचा आधार शोधला नाही, की मराठीच्या थोरवीचे व्याख्यान दिले नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर पंथातल्या म्हाताऱ्या बसलेल्या होत्या, त्यांची त्यांना काळजी पडली.

मात्र हीच परंपरा पुढे कोठे गेली तेही सांगितले पाहिजे. आमच्या नांदेड जिल्ह्यातले माहूर हे महानुभावांचे मोठे क्षेत्र. ह्या पंथाच्या मठांतून म्हाताऱ्यांसाठी म्हणून मराठीत ठेवलेले ग्रंथ पुढे सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बंद झाले. परक्या हाती पडून विटंबना होऊ नये, ही त्यामागची धास्ती. भाषा सर्वांची राहिली, पण अक्षरांना कुलूप लागले. ते कुलूप विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांसारख्या संशोधकांनी उघडले, तेव्हा कोठे मराठीला आपला हा ठेवा नीट दिसला. भाषा सोपी असली म्हणजे ग्रंथ लोकांचा झाला असे नाही. तो हातीही पडावा लागतो.

आता जरा दूर, जर्मनीत जाऊ. कारण ग्रंथ सोपा होणे आणि हाती पडणे ह्या दोन्ही गोष्टी तेथे एकदम घडल्या, आणि पुढे आपल्याकडे आलेले मिशनरी त्याच उदाहरणावर वाढलेले होते.

बायबलाचे दोन भाग. जुना करार मूळ हिब्रूत, थोडासा अरामी भाषेत. नवा करार ग्रीकमध्ये. पश्चिम युरोपात मात्र हजारभर वर्षे तो लॅटिनमधून वाचला जाई आणि लॅटिन फक्त शिकलेल्यांना येई. जर्मन भाषेत बायबल नव्हतेच असे नाही. १४६६ साली स्ट्रासबुर्ग येथे मेंटेलिन नावाच्या मुद्रकाने पहिले जर्मन बायबल छापले, आणि १५२२ पर्यंत अशी अठरा बायबले निघाली होती. पण ती लॅटिनवरून उचललेली. शब्द जर्मन, चाल लॅटिनची. आपल्याकडे इंग्रजी कायद्याचा मराठी तर्जुमा वाचताना जसे होते तसे वाचणाराचे होई.

मार्टिन ल्यूथरला पोप आणि बादशहा या दोघांनीही वाळीत टाकले होते. १५२१ च्या मे महिन्यात त्याच्या पाठीराख्यांनी त्याला वार्टबुर्गच्या किल्ल्यात लपवून ठेवले. तेथे दाढी वाढवून, सरदाराच्या वेषात आणि खोट्या नावाने तो राहिला. ह्या कोंडलेल्या मुक्कामात त्याने एरॅस्मसने छापलेल्या ग्रीक प्रतीवरून नवा करार सुमारे अकरा आठवड्यांत जर्मनमध्ये आणला. १५२२ च्या सप्टेंबरात विटेनबर्ग येथे तो छापून निघाला. प्रती सुमारे तीन हजार होत्या असे मानतात, आणि डिसेंबरात लगेच दुसरी आवृत्ती काढावी लागली. जुना करार पुरा व्हायला मात्र १५३४ साल उजाडले. त्या कामात मेलांख्टोनसारखे जाणते सोबती होते, तरी ईयोबाच्या पुस्तकाच्या कधी कधी चार दिवसांत तीन ओळीदेखील होत नसत, असे ल्यूथरनेच लिहून ठेवले आहे.

१५३० साली त्याने भाषांतराविषयी एक पत्र प्रसिद्ध केले. त्यात त्याचे म्हणणे असे की, जर्मन कसे बोलावे हे लॅटिन अक्षरांना विचारू नये. घरातल्या आईला, गल्लीतल्या पोरांना, बाजारातल्या साध्या माणसाला विचारावे आणि त्यांच्या तोंडाकडे पाहावे. त्याने दाखला दिला तो मोठा गमतीचा आहे. देवदूत मरियेला नमस्कार करतो, तेथे लॅटिन प्रतीत ‘कृपेने भरलेली’ अशा अर्थाचा शब्द आहे. ल्यूथर म्हणतो, भरलेली म्हटले की जर्मन माणसाला बिअरने भरलेले पिंप नाही तर पैशाने भरलेली थैली आठवते. म्हणून त्याने तेथे लाडक्या, प्रसन्न मुलीला शोभेल असा घरगुती शब्द घातला. जुन्या करारातील यज्ञपशूंच्या अवयवांची नेमकी नावे हवी होती, तेव्हा त्याने खाटकाकडून मेंढरे कापवून एकेका आतड्याचे नाव विचारून घेतले, असेही सांगतात.

एवढे करूनही सगळ्या जर्मनांना त्याची जर्मन कळे असे नव्हते. १५२३ साली बाझेलच्या एका मुद्रकाला दक्षिणेकडच्या वाचकांसाठी कठीण शब्दांची यादी पुस्तकाला जोडावी लागली. आणि पुस्तक लोकांच्या हाती पडल्यावर लोकांनी ते आपल्या गरजेने वाचले. १५२५ साली शेतकऱ्यांनी बंड केले, तेव्हा वेठबिगार का नको, वने आणि नद्या सर्वांच्या का असाव्यात, ह्याला त्यांनी आपल्या बारा कलमांत बायबलाचेच आधार दिले. ल्यूथर त्यांच्यावर उलटला, अतिशय कठोर लिहून गेला. गल्लीतल्या माणसाची भाषा त्याने घेतली होती. त्या माणसाने ती परत मागितली तेव्हा ते त्याला सोसले नाही.

त्याच शतकाच्या शेवटी थॉमस स्टीफन्स नावाचा एक इंग्रज जेझुइट पाद्री गोव्यात आला. साल १५७९. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांना आपली जुनी पुराणे आठवत, तसे काही वाचायला हवे अशी त्यांची मागणी होती. स्टीफन्सने त्यांच्यासाठी बायबलातील कथा जवळ जवळ अकरा हजार ओव्यांत रचली. हे ख्रिस्तपुराण १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. ते शब्दशः भाषांतर नव्हे. नारळीपोफळीच्या देशात माणसे ओवी कशी ऐकतात, पुराण कसे सांगतात हे पाहून केलेली ती नवी मांडणी आहे. देवनागरीचे खिळे नव्हते म्हणून रोमन अक्षरांत छापली, पण वृत्त, उपमा आणि मराठी भाषेविषयीचा जिव्हाळा असा की वाचणाऱ्याला रचणारा परदेशी आहे ह्याचा विसर पडावा. पुढे १६८४ साली पोर्तुगीज सरकारने तीन वर्षांत देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलण्याचे फर्मान काढले आणि ही वाट अरुंद होत गेली.

गद्य मराठी बायबलाचा आरंभ झाला तो महाराष्ट्रात नव्हे. शेकडो कोस दूर, बंगालात. विल्यम केरी हा मूळचा चांभारकाम करणारा इंग्रज, स्वतःच्या मेहनतीने भाषापंडित झालेला. श्रीरामपूरला त्याने छापखाना घातला. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात तो बंगाली आणि संस्कृतच्या जोडीने मराठीही शिकवू लागला. त्याच्या मदतीला वैजनाथ नावाचे नागपूरकडचे पंडित होते. १८०५ साली मराठीचे व्याकरण आणि मत्तयाचे शुभवर्तमान, १८१० साली मोडी अक्षरांत कोश, १८११ साली सबंध नवा करार अशी केरीची कामगिरी आहे. मध्ये १८१२ च्या मार्चमध्ये छापखान्याला आग लागली, खिळे आणि हस्तलिखिते जळाली, तरी गडी खचला नाही. मराठी गद्याच्या छापील इतिहासाचे पहिले पान ह्या माणसाला द्यावेच लागेल.

परंतु केरीने महाराष्ट्र कधी पाहिला नाही. त्याच्या शेजारी बसलेले मराठी माणूस म्हणजे एक पंडित. त्या पंडिताच्या तोंडची नागपुरी वळणाची आणि संस्कृताच्या आधाराने चालणारी भाषा पुस्तकात उतरली. पुस्तक मुंबईकडे आले तेव्हा ते लोकांना नीट उमगेना.

हे ध्यानात येऊन मुंबईच्या अमेरिकन मिशनऱ्यांनी काम नव्याने हाती घेतले. गॉर्डन हॉल १८१३ साली मुंबईस आला. तो रस्त्यावर, बाजारात, देवळांपुढे उभा राहून बोलत असे; लोक हसत, वाद घालत, आणि त्यातून त्याची मराठी घडत गेली. तेरा वर्षांनी, १८२६ साली, मिशनचा नवा करार मुंबईत छापून पुरा झाला. त्याच वर्षी मार्च महिन्यात नाशिककडून परतताना हॉलला वाटेत पटकी झाली आणि एका देवळाच्या ओसरीवर त्याने प्राण सोडला. वय अवघे एकेचाळीस. ज्या देवांविरुद्ध तो बोलत हिंडला त्यांच्याच ओसरीने त्याला शेवटी आसरा दिला, हे वाचून मन थोडे हलते.

ह्या मिशनच्या छापखान्याने आणखी एक गोष्ट घडवली. गणपत कृष्णाजी नावाचा हुन्नरी मराठी माणूस ते छापकाम पाहून शिकला, स्वतः यंत्र आणि शाई तयार केली आणि १८३१ साली त्याने मराठी पंचांग छापून काढले. शुभवर्तमानासाठी आलेल्या विद्येतून आपले एकादशी-चतुर्थीचे पंचांग निघाले. दिवाळी अंक वाचणाऱ्यांनी ह्या गृहस्थाला एकदा मनातल्या मनात नमस्कार करायला हरकत नाही.

पुढे भाषांतराच्या सुधारणा होत राहिल्या. ‘यमुनापर्यटन’ लिहिणारे बाबा पदमनजी यांच्यासारखे मराठी लेखक त्या कामात आले. पुस्तक सुधारले, तरी त्यावर संस्कृत शिकलेल्या मंडळींचा हात राहिलाच. आणि वाचक? मराठवाड्यापुरते बोलायचे तर जालन्याजवळ नारायण शेषाद्रींनी बेथेल नावाचे गाव वसवले. तेथे आलेली कुटुंबे बहुतेक मांग-महार समाजांतली, पिढ्यान्‌पिढ्या अक्षराला पारखी ठेवलेली. त्यांच्या घरची भाषा आणि त्यांच्या हाती आलेल्या ग्रंथाची भाषा यांत मोठे अंतर होते.

येथे वाचकांच्या परवानगीने मास्तरकीतील एक गोष्ट सांगतो. एका वर्षी बाहेरून छापून आलेल्या प्रश्नपत्रिकेत प्रश्न होता, ‘पुढील उताऱ्याचा आशय विशद करा.’ माझ्या वर्गातल्या एका शेतमजुराच्या मुलीने ती जागा कोरी सोडली. पेपर सुटल्यावर व्हरांड्यात तिला म्हटले, काय गं, गोष्ट समजली नव्हती? तशी तिने उभ्या उभ्या सारा उतारा आपल्या बोलीत असा सांगितला की ऐकत राहावे. शेवटी म्हणाली, “गुरुजी, गोष्ट कळली. विशद करा म्हंजी काय करायचं ते कळंना.” एका शब्दाने तिचे पाच गुण गेले. आमच्या आजोबांच्या पिढीने निजामी राजवटीत गणित-भूगोल उर्दूतून घोकले आणि त्याबद्दल आम्ही अजून हळहळतो. पण मराठीतून शिकणाऱ्या पोरीलाही मराठी परकी होऊ शकते, हे आम्हाला दिसत नाही.

रमाबाईंना ते दिसले होते, असे मला वाटते. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवले म्हणून लोकांचा रोष पत्करला होता. आईकडून मुलगी शिकली. १८७४ साली, दुष्काळाच्या दिवसांत, तीर्थयात्रा करता करता आईबाप गेले. भाऊ आणि बहीण पायी हिंडत, पुराणे सांगत कलकत्त्यास पोचली. पुढे लग्न, दीड वर्षात वैधव्य, पदरी मनोरमा. १८८३ साली त्या इंग्लंडात गेल्या आणि तेथे ख्रिस्ती झाल्या. परत येऊन शारदा सदन काढले. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत त्यांनी मध्यप्रांतांतून आणि गुजरातेतून भुकेने वणवणणाऱ्या शेकडो मुली आणि बाया केडगावच्या मुक्तीसदनात आणल्या. १९०० च्या सुमारास तेथे दोन हजारांच्या आसपास माणसे होती असे सांगतात.

ह्या बायांना अक्षरे शिकवली आणि बायबल हाती दिले. रमाबाईंच्या ध्यानात आले की पुस्तकातील संस्कृतप्रचुर मराठी त्यांना झेपत नाही. आणि दुसरी गोष्ट त्यांच्याच ध्यानात येण्यासारखी होती. संस्कृत शब्द एकटा येत नाही, आपले सगळे बिऱ्हाड घेऊन येतो. उदाहरणार्थ, मोक्ष म्हटले की आपल्यासमोर जन्ममरणाचा फेरा उभा राहतो. माया म्हटले की वेदान्त. ख्रिस्ती ग्रंथाला जे म्हणायचे असते ते बाजूलाच राहते. परदेशी मिशनऱ्याला हा फरक कोशात सापडत नाही. वेदान्ताच्या घरातच वाढलेल्या बाईला तो ऐकताक्षणी कळतो. म्हणून प्रचलित भाषांतरातील वेदान्ती वळणाच्या शब्दांवर त्यांचा कटाक्ष होता.

१९०४-०५ च्या सुमारास त्यांनी काम सुरू केले. वय सेहेचाळीस-सत्तेचाळीस, ऐकू कमी येऊ लागलेले, डोक्यावर मुक्तीसदनाचा संसार. त्या वयात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक अभ्यासली. नुसत्या स्वतः शिकल्या नाहीत, मराठी माणसाला हिब्रू शिकता यावी म्हणून व्याकरणही लिहिले. छापखाना आवारातच होता आणि तो बाया चालवीत. खिळे जुळवायचे, मुद्रिते तपासायची, छापायचे, बांधायचे, सगळे त्यांच्याच हातांनी. दुष्काळात ज्यांना गावाने टाकले त्यांच्यातल्या मुली हिब्रू आणि ग्रीक खिळे जुळवू लागल्या, ही गोष्ट कादंबरीत लिहिली तर टीकाकार म्हणतील मास्तरांनी अतिशयोक्ती केली.

केरीच्या शेजारी पंडित बसला होता. रमाबाई स्वतःच पंडिता. त्यांच्या शेजारी बसल्या होत्या त्या ज्यांनी वाचायचे त्या बाया. नागदेवाचार्यांच्या म्हाताऱ्या, ल्यूथरच्या बाजारातली माणसे आणि केडगावच्या दुष्काळी बाया एकाच ओळीत येतात त्या येथे. सोपे लिहिणारा कमी शिकलेला असतो ही आपल्याकडची समजूत येथे पार खोटी पडते. कठीण शब्द टाकून सोपा शब्द घ्यायचा, तर दोन्ही शब्दांचे वजन ठाऊक असावे लागते; आणि ऐकणारीला कोणता पेलेल हे तिच्याजवळ राहिल्याशिवाय कळत नाही.

नवा करार १९१२-१३ च्या सुमारास निघाला. जुन्या कराराचे काम चालू असतानाच १९२१ च्या जुलैत मनोरमा वारली. आईचा उजवा हात ती होती. आमच्या त्या वेळच्या निजामी मुलखात, गुलबर्ग्यास, तिने मुलींची शाळा काढली होती. एकुलती एक मुलगी गेल्यावरही रमाबाईंनी मुद्रिते तपासणे सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या. शेवटची मुद्रिते पुरी व्हावीत एवढे दिवस त्यांनी देवाकडे मागून घेतले होते, असे केडगावची मंडळी सांगत. सबंध ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला. एका स्त्रीने सबंध बायबल भाषांतरित केल्याची उदाहरणे जगात अगदी थोडी आहेत. अमेरिकेत ज्युलिया स्मिथबाईंनी १८७६ साली ते केले होते, आपल्याकडे रमाबाईंनी.

येथे गोष्ट संपवता आली असती तर दिवाळीला शोभली असती. पण रमाबाईंचे बायबल घरोघर गेले नाही. चर्चमधून जुनेच भाषांतर वाचले जात राहिले. ह्याचे कारण मला आपल्या घरातच दिसते. आमच्याकडे पोथी वाचणाऱ्या आजीला अडलेल्या शब्दाचा सोपा पर्याय सांगितला तर तिला तो नको असतो. तिला तोच शब्द हवा, कारण त्याच शब्दाने तिने नवऱ्याच्या आजारपणात देवाला हाक मारलेली असते. प्रार्थनेचे शब्द तोंडी बसले की ते कळण्यापलीकडे जातात. जे लोक प्रथम त्या कठीण शब्दांना बिचकले, त्यांच्याच नातवंडांना ते शब्द पवित्र झाले. सोपी भाषा उशिरा आली की तिला आपल्याच माणसांत परकी म्हणून उभे राहावे लागते. ह्यात कोणाचा दोष नाही. परंतु प्रत्येक पिढीत कोणी तरी पहिल्यांदाच ग्रंथ उघडणारे असते, त्याच्यासाठी कोणी लिहायचे हा प्रश्न उरतोच.

तो प्रश्न पुढच्यांनी सोडला नाही. रेव्हरंड टिळकांनी ख्रिस्ती भक्ती अभंगांत आणली. त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुढे चालवले, आणि लक्ष्मीबाईंची मराठी किती साधी व किती चपखल हे ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्यांस सांगायला नको. आपल्या काळात वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी सबंध बायबल नव्याने मराठीत आणले. २०१० साली ते प्रसिद्ध झाले, आणि २०१३ साली त्याला साहित्य अकादमीचा भाषांतराचा पुरस्कार मिळाला. नाव ठेवले ‘सुबोध बायबल’. केरीपासून रमाबाईंपर्यंतच्या साऱ्या धडपडीचा सारांश त्या एका विशेषणात आला आहे.

हेच दिब्रिटो जानेवारी २०२० मध्ये ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. संमेलन भरले ते आमच्या लातूरला लागून असलेल्या उस्मानाबादेत, आताच्या धाराशिवात. एका ख्रिस्ती धर्मगुरूच्या निवडीला काही जणांनी विरोध केला, तरी संमेलन झाले, मांडव भरला. २०२४ च्या जुलैत दिब्रिटो गेले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि आम्ही शाळेत पेढे वाटले. त्या दर्जासाठी जे जुने पुरावे मांडले गेले त्यांचा अभिमान कोणाला वाटणार नाही? पण लीळाचरित्र जपून ठेवणाऱ्यांनी मराठी निवडली ती पंथातल्या म्हाताऱ्यांसाठी, एवढे मात्र त्या पेढ्यांबरोबर मुलांना सांगावेसे वाटते.

केडगाव दौंडच्या अलीकडे, पुणे-सोलापूर लोहमार्गावर आहे. आमच्याकडून पुण्याला जाणाऱ्यांना ते वाटेतच लागते. कधी गेलात तर खिडकीतून त्या स्टेशनाची पाटी अवश्य पाहा. मराठीत सोपे लिहिण्यासाठी हिब्रू शिकलेली बाई तेथे राहत होती.